रुंद जोडाक्षरं

राघवेंद्र देगलूरकर नांदेडला एका कॉलेजात संगणक शिकवायचा. त्या काळी संगणकाच्या खोलीत लोक चपला बाहेर काढून यायचे, पडद्यावर सगळं इंग्रजीच दिसतंय म्हटल्यावर माना डोलवून निमूट परत जायचे. राघवेंद्रला ते खटकायचं. लग्न होऊन थोडे दिवस झाले आणि त्यानं बायकोला, देविकाला, हाताशी घेऊन मराठी अक्षरं करायला घेतली.

देविका चित्रकला शिकलेली. ती आलेख कागदावर पेन्सिलीनं चौकोन भरायची. भरलेला चौकोन म्हणजे काळा ठिपका, मोकळा म्हणजे पांढरा. राघवेंद्र त्या ठिपक्यांचे आकडे करून यंत्रात घालायचा. अक्षराला सोळा ठिपक्यांची रुंदी पुरायची. 'क' ऐसपैस बसला, 'श' जरा अंग चोरून बसला. पण 'म्म', 'प्प', 'ल्ल' असली आडवी जोडाक्षरं काही केल्या सोळात मावेनात.

"दाबून बसव गं," राघवेंद्र म्हणाला.

"चिरडलेलं अक्षर वाचणार कोण? त्यांना दुप्पट जागा द्या."

"दुप्पट दिली की माझा प्रोग्राम बदलावा लागतो."

"मग बदला की. मी नाही का इथं रबर घेऊन बसले?"

त्यानं बदलला. रुंद जोडाक्षरांची सोय वेगळी केली, बाकीच्यांची वेगळी. पुढं कॉलेजच्या ठिपक्यांच्या प्रिंटरवर पहिल्यांदा 'नांदेड' असं उमटलं तेव्हा शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे बघायला आले. घरी येऊन दोघांनी खवा आणून गुलाबजाम केले. आयुष्यात काहीतरी आपल्या हातून झालं असं राघवेंद्रला तेव्हा वाटलं, आणि ते खरंही होतं.

मग किल्लारीचा भूकंप झाला. नांदेडला त्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजली तेवढंच. तिकडं लातूरच्या बाजूला गावंच्या गावं बसली. कॉलेजची पोरं घेऊन राघवेंद्र दोनदा जाऊन आला. दगडमातीच्या ढिगांपुढं काय करावं हे कुणालाच कळत नव्हतं. पोत्यातलं धान्य वाटून ते परत आले.

पुढच्या वर्षी लातूरहून निरोप आला. बाहेरची एक संस्था काही गावं नव्यानं वसवत होती. तिच्या नकाशा कार्यालयाच्या प्रमुख प्रमोदिनीबाई. परदेशातून त्यांना एक मोठं वर्कस्टेशन आणि टेबलाएवढे नकाशे काढणारं यंत्र दान आलं होतं. नव्या गावाचा नकाशा सुरेख निघायचा, पण सगळा इंग्रजीत.

"रस्ते, शाळा, नाला इंग्रजीत राहू द्या," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "ते इंजिनियर बघतील. पण प्रत्येक प्लॉटवर ज्याचं त्याचं नाव मराठीत पाहिजे. माणसानं नकाशासमोर उभं राहून म्हणावं, हे माझं घर. एवढं जमेल का तुम्हाला?"

राघवेंद्र फ्लॉपी घेऊनच आला होता. अक्षरांची फाइल त्यानं त्या यंत्रात उतरवली आणि पडद्यावर नांदेड लिहिलं. उमटलं ते बघून खोलीतल्या सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. प्रत्येक अक्षर मधोमध कापून उजवा तुकडा डावीकडं आणि डावा उजवीकडं ठेवल्यासारखं दिसत होतं. राघवेंद्रला मात्र हसू आलं.

"घाबरू नका. अक्षरं शाबूत आहेत," तो म्हणाला. "एका ओळीचे सोळा ठिपके दोन बाइटांत मावतात. आमचा पीसी ते लिहून ठेवताना धाकटा बाइट आधी ठेवतो, थोरला मागून. तुमचं यंत्र थोरला आधी आहे असं धरून वाचतंय."

"म्हणजे पंगतीत तुमच्याकडं धाकट्याचं पान आधी वाढतात, आमच्याकडं थोरल्याचं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच. जोडीजोडीनं पानं अदलाबदल केली की झालं."

त्यानं छोटासा प्रोग्राम लिहिला. सगळी फाइल वाचायची, दोन-दोन बाइट उचलायचे, उलटे ठेवायचे. पुन्हा नांदेड लिहिलं आणि नांदेडच उमटलं. खोलीत टाळ्या पडल्या. मग लातूर लिहिलं. राघवेंद्र लिहिलं, देविका लिहिलं, प्रमोदिनी लिहिलं. कुणीतरी आपल्या मुलीचं नाव सांगितलं, भार्गवी, तेही लिहिलं. सगळी नावं लखलखीत.

सकाळी निघताना देविका पायरीवर उभी राहून म्हणाली होती, "रुंद जोडाक्षरं लावून बघा बरं का तिथं. त्यांची सोय आपण निराळी केलीय." तो हो म्हणाला होता. पण चहा आला, कौतुक झालं, कुणीतरी घड्याळाकडं बघत म्हणालं की नांदेडची गाडी आता सुटेल, आणि राघवेंद्र पिशवी उचलून स्टँडकडं पळाला. गाडीत खिडकीची जागा मिळाली. अहमदपूर येईस्तोवर तो खुशीतच होता.

रुंद जोडाक्षरांच्या ओळीला बाइट चार होते. त्यांची नुसती जोडीजोडीनं अदलाबदल करून भागत नाही, चारही एकत्र उलटे लावावे लागतात. तसं न केल्यानं अक्षराचा डावा अर्धा भाग उजवीकडं गेला आणि उजवा डावीकडं आला. त्यात गंमत अशी की जे उमटलं ते तुटकं-फुटकं दिसलं नाही. 'म्म'मधला अर्धा म मागं गेला, त्याला पुढचा काना चिकटला आणि तो पुरा म झाला. शरणम्मा लिहिलं की शरणमम उमटायचं, मल्लप्पा लिहिलं की त्याचंही असंच काहीतरी. नजरेला खुपेल असं काही नाही, फक्त नाव दुसरं. आणि असली नावं नांदेडात राघवेंद्रच्या घरात, ओळखीत कुणाची नव्हती. ती होती कर्नाटकच्या सीमेवरच्या गावांत. निलंग्याच्या बाजूच्या कवठाळीत तर घरटी एक.

कवठाळीचा नकाशा छापून झाला. पत्र्याच्या शेडसमोर दोन बांबू रोवून त्यावर लावला. त्यानंतर काही दिवसांनी कॉलेजच्या ऑफिसात राघवेंद्रला फोन आला.

"देगलूरकर सर, नावांचा घोटाळा झालाय," प्रमोदिनीबाईंचा आवाज ताणलेला होता. "लोक म्हणतायत आमची नावंच नाहीत."

तो तसाच लातूरला गेला. नकाशावरचं एक नाव त्यानं दोनदा वाचलं. काय चुकलंय ते त्याला तिथंच उमगलं. दुरुस्ती म्हणजे चार ओळींचं काम. चहा निवायच्या आत झालं. नवा नकाशा निघाला, आणि प्रमोदिनीबाईंच्या जीपमधून तो स्वतः कवठाळीला गेला.

जुना नकाशा काढून नवा लावेपर्यंत माणसं गोळा झाली. ज्यांना वाचता येत होतं ते बोट ठेवून इतरांना दाखवू लागले. गर्दीतून एक उंच, वाळलेली म्हातारी पुढं आली. डोईवरचा पदर सावरत तिनं राघवेंद्रलाच विचारलं, "लेकरा, बसवराजचं घर कुठलं? माझा लेक हाय त्यो."

त्यानं दाखवलं.

"आन् त्याच्या भिताडाला लागून कुणाचं?"

"शरणम्मा," राघवेंद्रनं वाचलं.

म्हातारीनं त्या नावावर तळहात ठेवला. तळहात ठेवून ती तशीच उभी राहिली, जसा कुणाच्या पाठीवर ठेवावा. "हितंच मागितलं होतं म्या," ती म्हणाली. "बाईसायबास्नी सांगितलं होतं, माझ्या तंगीला माझ्याशेजारी द्या. दुसरं काय बी नको." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पार्वतम्मा हिचं नाव, आणि शरणम्मा तिची धाकटी जाऊ, पण तिला ती बहीणच म्हणायची. भूकंपात शरणम्माचा नवरा गेला, लेक गेली.

"मग बोलवा की त्यांना," राघवेंद्र म्हणाला. "दाखवू आपण."

पार्वतम्मानं नावावरचा तळहात काढला नाही. तिचा मुलगा बसवराज मागून म्हणाला, "काकी गेली, सायेब. आधीचा नकाशा लागला त्या दिशी मी निलंग्याला होतो. आलो तवा शेड रिकामं. नाव न्हाई दिसलं म्हून गेली म्हनतेत. लातूरच्या हाफिसात जाते म्हनली होती कुनाला तरी. तिथं बी न्हाई पोचली."

"येतील," राघवेंद्र म्हणाला. "आता नाव लागलंय ना. कळेल त्यांना."

बसवराजनं मान हलवली. राघवेंद्र जीपमध्ये बसला. परतीच्या वाटेवर प्रमोदिनीबाईंनी एकदाच विचारलं, "तपासलं नव्हतं का तुम्ही?" आणि तो म्हणाला, "तपासलं होतं." खोटं नव्हतं ते. आपल्याच घरातली नावं लिहून बघितली होती त्यानं.

नांदेडला येऊन त्यानं देविकाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सापडतील ना हो त्या बाई?"

"जातील कुठं? येतीलच."

शोधायला मात्र तो गेला नाही. कॉलेजच्या परीक्षा आल्या, मुलाचा जन्म झाला, प्रमोदिनीबाईंची संस्था काम आटोपून निघून गेली. बराच काळ वाट पाहून शरणम्माचा प्लॉट कवठाळीतल्याच एका दुसऱ्या कुटुंबाला दिला, हे त्याला कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेलं.

वर्षं सरली. देविकाची ठिपक्यांची अक्षरं कुणाला नकोशी झाली. कितीही मोठी केली तरी कड गुळगुळीत राहते अशी नवी अक्षरं बाजारात आली, ती सगळ्यांनी घेतली. लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. दहावी-बारावीच्या याद्यांत लातूरची पोरं झळकू लागली, आणि राज्यभरातून आईबाप पोरांच्या वळकट्या घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरू लागले. घरांवर मजले चढले, मजल्यांवर खोल्या, खोल्यांत तिघंतिघं पोरं. राघवेंद्रचं मूळ शिक्षण फिजिक्सचं. एका क्लासनं त्याला बोलावलं आणि तो कॉलेज सोडून गेला. देविकाची नांदेडला शाळेत नोकरी होती, मुलाची शाळा होती. ती तिथंच राहिली. तो शनिवारी जायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं लातूरला यायचा. पोरांना तो कॅपॅसिटर शिकवायचा. अक्षरांचं तो कुणाशी बोलत नसे.

जेवायला तो क्लासच्या मागच्या गल्लीतल्या मेसमध्ये जायचा. ज्वारीची भाकरी, भाजून दळलेल्या येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. मेस एका जोडप्याची होती, पण चुलीवर असायची एक ठेंगणी, जाडसर बाई. पोरं तिला मावशी म्हणायची. तीही पोरांवर घरच्यासारखी तडकायची, "ए बिलोलीच्या, भाकर टाकू नगंस ताटात. आई हितं यून बघंल व्हय तुझी?"

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर पोरं घरोघर गेली होती. मेसमध्ये राघवेंद्र एकटाच जेवत होता. मालकीणबाईंनी आतून हाक मारली, "शरणम्मा, सरांना आमटी वाढ गं."

त्याचा घास हातातच राहिला. ती आमटी वाढत असताना त्यानं विचारलं, "मावशी, गाव कुठलं तुमचं?"

"आता कुठलं बी न्हाई. आधी कवठाळी हुतं. निलंग्याकडं."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. तिला वाटलं, भूकंपाच्या आठवणीनं सर गप्प झाले. बोलायला माणूस मिळालं म्हणून ती भिंतीला टेकून बसली.

"समदे गेले हो सर त्या दिशी. नवरा, लेक. मी न् माझी जाऊ तेवढ्या राहिलो, आन् तिचा लेक. अक्का म्हनायची मी तिला. शेडमधी दोघी एका वाकळंत निजायचो. मग हंड्यावरनं भांडलो. ढिगातनं तांब्याचा हंडा निघाला, ती म्हनली माझा, मी म्हनलं माझा. बोलनं बंद. लई दिस न्हाई, पर बंद. त्यातच नकाशा लागला."

"हं," राघवेंद्र म्हणाला.

"मला काय वाचता येत न्हाई. शेजारच्या गावचा एक शिकलेला मानूस आलता, त्याला म्हनलं बसवराजच्या बाजूला कुणाचं नाव हाय ते बघ. त्यानं वाचलं. शरण का काय म्हनला, आडखळला, मग म्हनला शरणप्पाचं दिसतंय. घर बाप्याच्याच नावावर असनार की! शरणप्पा कोन म्हायत हाय का सर? अक्काचा सख्खा भाऊ." तिनं पदरानं ओठ पुसले. "एका हंड्यासाठी तिनं मला काढलं आन् भावाला शेजारी घेतलं. म्हनलं, असं का? ऱ्हा मग. तशीच उठले. लातूरला हाफिसात गेले, तर दाराशी गेल्यावर वाटलं, भांडून घर घ्यायचं आन् मग रोज तिचं तोंड बघायचं? त्यापरीस नगंच. हितं भांडी घासायला लागले. आता चुलीवर हाय. बरं हाय."

"परत कधी गेला नाहीत?"

"कशाला? तिनं बोलवलं का?"

जगात आत्ता एकच माणूस आहे ज्याला सगळं माहीत आहे, आणि तो इथं बसून आमटी जेवतोय, हे राघवेंद्रला कळलं. त्यानं त्या नावावर ठेवलेला तळहात पाहिला होता. त्याला तेवढं सांगायचं होतं. "मावशी, तुमचंच नाव होतं ते." एवढंच. पण पाणी पिऊन, हात धुऊन तो खोलीवर आला.

शनिवारी नांदेडला देविकानं ऐकलं आणि ती उभीच राहिली.

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? मी मशीन नीट तपासलं नाही म्हणून तुम्ही जावेला सोडून भांडी घासत बसलात, असं? रोज तिच्या हातचं जेवतो मी."

"म्हणूनच सांगायचं. सोमवारी गेल्या-गेल्या सांगा. ती दुसरी बाई वाट बघत असेल हो."

"सांगतो. जरा बोर्डाची परीक्षा होऊ दे. पोरांचं जेवणखाण तिच्यावर आहे. आता तिला हलवलं तर..."

"पोरांसाठी थांबताय होय?" देविका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्याला तिच्याकडं बघवेना.

हिवाळा गेला. रोज तो मेसमध्ये गेला, रोज ठरवून गेला. शरणम्मा आता त्याच्याशी मोकळी बोलायची. सरांना घट्ट आमटी आवडते म्हणून वेगळी काढून ठेवायची. जितकी ती जवळची झाली तितकं त्याला अवघड झालं. एकदा त्यानं सुरुवात केली, "मावशी, त्या नकाशाचं..." आणि ती हसून म्हणाली, "जाऊ द्या हो सर, मी कवाच इसरले." त्यानं भाकरी मोडायला घेतली. तिनंच विसरायचं म्हटल्यावर आपण का उकरायचं, अशी स्वतःची समजूत त्यानं घातली. आपण विसरू दिलं तर आपलंही निभतं, हे त्याला आतून ठाऊक होतं.

बारावीचे पेपर संपले. मेस ओस पडली. ऊन तापायला लागलं होतं. आता पुढं ढकलायला काही उरलं नव्हतं. एका दुपारी मालकीणबाई बाहेर गेल्या असताना तो चुलीपाशी जाऊन खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. अक्षरं, यंत्रं, धाकटा-थोरला, 'म्म'ची उलटापालट. तिला बाइटातलं काही कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. "ते नाव तुमचंच होतं. शरणप्पाचं नव्हतं," तो म्हणाला. "पार्वतम्मांनी मागून घेतलं होतं, शरणम्मा माझ्याशेजारी पाहिजे म्हणून. त्यांनी मला स्वतः सांगितलं. तुमच्या नावावर हात ठेवून उभ्या होत्या."

तव्यावर भाकरी होती. ती जळायला लागली तरी शरणम्मानं उलथली नाही. मग तिनं तवा खाली उतरवला, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि त्यांवर पाणी मारलं.

"चला," ती म्हणाली.

"आत्ता?"

"मंग कवा?"

निलंग्याच्या गाडीत तिनं दोघांची तिकिटं स्वतः काढली. निलंग्याहून जीप मिळाली. नवं कवठाळी राघवेंद्रनं कागदावरच बघितलं होतं. सरळ रस्ते, सारखी घरं, लावलेली झाडं आता मोठी झालेली. बसवराजचं घर विचारत-विचारत ते पोचले. शेजारच्या घराच्या ओट्यावर दुसरीच कुणी बाई मिरच्या वाळत घालत होती.

बसवराज बाहेर आला. डोक्याचे केस नुकतेच फुटू लागलेले. शरणम्मानं ते बघितलं आणि तिनं खांबाला धरलं.

"काकी," बसवराज म्हणाला, आणि त्यानं तिचा हात धरला.

पार्वतम्मा शिवरात्रीनंतर गेली होती. आजार असा काही नव्हता. थंडीत जी निजली ती उठलीच नाही. बसवराजची बायको सांगत होती, शेवटी शेवटी ती माणसं ओळखत नव्हती, सुनेलाच तंगी म्हणायची. "कुठं गेलतीस गं म्हनायच्या मला. मी म्हनायचे, हितंच हाय की आत्या. तेवढं ऐकलं की जेवायच्या."

शरणम्मा ओट्यावर बसली. रडली नाही. रडायला आलेल्या बायका तिच्याकडं बघून मागं सरल्या. मग तिनं राघवेंद्रला विचारलं, "सर, तुमास्नी कवा कळलं, मी कोन हाय ते?"

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. त्याच्या मनात तो विचार येऊनही गेला.

"दिवाळीत," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. दिवाळी आणि शिवरात्र यांच्यामध्ये किती वेळ असतो हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बसवराजनं त्याला चहा दिला, आणि तो चहा त्याला संपवावा लागला.

शरणम्मा लातूरला परतली नाही. बसवराजनं तिला ठेवून घेतलं. मेसमध्ये तिची ट्रंक होती ती राघवेंद्रनं गाडीवर घालून पाठवून दिली. नव्या वर्षी मेसमध्ये दुसरी बाई आली. आमटी पातळ झाली म्हणून पोरं कुरकुरायची. राघवेंद्र आणखी काही वर्षं लातूरला होता. पगार वाढला, नांदेडला घर बांधलं. देविकानं त्या विषयावर त्याला पुन्हा कधी छेडलं नाही. पण पूर्वी ती कसल्याही कामात त्याला सुचवायची, असं करून बघा, तसं करून बघा. तेवढं मात्र बंद झालं. ते कधी बंद झालं हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं, आणि आता विचारून उपयोग नाही हेही.

एकदा तो क्लासच्या जाहिरातीसाठी निलंग्याला गेला होता. स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी शरणम्मा उभी दिसली. हातात बियाण्याची पिशवी, बरोबर बसवराजची मुलगी. चांगली वाळली होती. त्याला वाटलं आपण मागं फिरावं, पण तिनंच ओळखलं.

"सर, बरं हाय का?"

"हो. तुम्ही?"

"हाय की. घरच्या बाईसायब बऱ्या हायत?"

"बऱ्या आहेत."

"लेक?"

"दहावीला आहे."

"जेवत जा येळच्या येळी," ती म्हणाली. "बारीक झालाव."

तिनं काही बोलावं, चारचौघांत दोन शब्द सुनावावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. तो त्यासाठीच उभा होता. कवठाळीवरनं जाणारी औरादची गाडी लागली. तिनं पोरीचा हात धरला, गर्दीतून वाट काढत ती वर चढली आणि खिडकीशी जागा धरून पोरीला मांडीवर घेऊन बसली. गाडी हलेपर्यंत राघवेंद्र तिथंच थांबला. तिनं बाहेर बघितलं नाही. पोरीची वेणी सुटली होती ती ती बांधत होती.